टीमलॅब प्लॅनेट्स बंद व्हायच्या आत: तोयोसूला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी टोकियोत राहते, त्यामुळे भारतातून येणारे नातेवाईक, मैत्रिणी आणि त्यांच्या ओळखीचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात: "पाण्यातून चालायचं ते दिव्यांचं प्रदर्शन कुठे आहे, आणि आईबाबांना नेलं तर चालेल का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगताना काही ना काही सांगायचं राहतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढलं.

ते प्रदर्शन म्हणजे टोकियोच्या तोयोसू भागातलं टीमलॅब प्लॅनेट्स. टीमलॅब हा कलाकार, प्रोग्रॅमर, इंजिनिअर, वास्तुरचनाकार अशा लोकांचा गट आहे. तोशियुकी इनोको आणि त्यांच्या मित्रांनी तो २००१ मध्ये सुरू केला. प्लॅनेट्स उघडलं जुलै २०१८ मध्ये, आणि तेव्हा ते २०२० पर्यंतच राहणार होतं. मग मुदत वाढत गेली. आता जाहीर झालेली मुदत २०२७ च्या अखेरीपर्यंत आहे. ती आणखी वाढेल या भरवशावर राहू नका असं मी सगळ्यांना सांगते, आणि त्याला ठोस कारण आहे.

याच गटाचं, टोकियोतल्याच ओदाइबा भागातलं बॉर्डरलेस हे संग्रहालय ३१ ऑगस्ट २०२२ ला बंद झालं. कलाकृती जुन्या झाल्या म्हणून नव्हे. ते ज्या पॅलेट टाउन संकुलात होतं, त्या सगळ्या जागेचा पुनर्विकास ठरला होता. तिथलं व्हीनस फोर्ट हे दुकानांचं संकुल त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झालं आणि मोठा आकाशपाळणाही बॉर्डरलेसबरोबरच थांबला. आज त्या जागेवर क्रीडागृह उभं आहे. बॉर्डरलेस फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाबुदाई हिल्समध्ये नव्याने उघडलं, पण ते दुसऱ्या इमारतीतलं दुसरं संग्रहालय आहे. ओदाइबाच्या दालनांमधलं काम त्या दालनांबरोबर गेलं. चित्र गुंडाळून दुसऱ्या भिंतीवर टांगता येतं. इथे खोलीच्या भिंती, जमीन, पाणी आणि अंधार हाच कलाकृतीचा अर्धा भाग असतो. म्हणून बघायचं असेल तर ते उभं आहे तोवरच बघायला हवं.

१. आधी जागा पक्की करा: प्लॅनेट्स की बॉर्डरलेस

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. टोकियोत टीमलॅबची दोन मोठी ठिकाणं आहेत आणि दोन्हींची तिकिटं वेगळी. एकाचं तिकीट दुसरीकडे चालत नाही, आणि एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायला चांगला वेळ लागतो.

प्लॅनेट्स तोयोसूला, कोतो वॉर्डात, खाडीच्या बाजूला. इथे अनवाणी फिरायचं, पाण्यातून चालायचं, शरीराने अनुभवायचं. पाण्याच्या भागात वाट ठरलेली आहे, एकामागून एक दालनं येतात.

बॉर्डरलेस आझाबुदाई हिल्सला, शहराच्या मधोमध, हिबिया लाइनवरच्या कामियाचो स्टेशनजवळ. तिथे बूट घालूनच फिरायचं, पाणी नाही, वाट ठरलेली नाही, आणि कलाकृती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकत जातात.

लहान मुलं बरोबर असतील, किंवा आयुष्यात एकदाच असं काही बघायचं असेल, तर मी प्लॅनेट्स सुचवते. गुडघे फार दुखत असतील किंवा अनवाणी चालणं शक्यच नसेल, तर बॉर्डरलेस बरं. आणि जुने लेख किंवा व्हिडिओ बघून कोणी ओदाइबाला निघालं असेल तर त्यांना आधी थांबवा.

२. तारीख आणि वेळ

टाळायचे दिवस: २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यात येणारे ओबोनचे दिवस, नववर्षाच्या आसपासचे दिवस, आणि साकुराच्या (चेरीच्या फुलांच्या) हंगामातले शनिवार-रविवार. भारतातली मे महिन्याची सुट्टी नेमकी जपानी सुट्ट्यांना धडकते. शाळेमुळे तेव्हाच यावं लागत असेल तर ५ मेनंतर या. आठवडाभराने गर्दी बरीच ओसरलेली असते.

२०२७ मध्ये यायचं ठरवत असाल तर वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत या. शेवटच्या महिन्यांत "जाण्याआधी एकदा" म्हणणाऱ्यांची रीघ लागणार, आणि त्यात डिसेंबरच्या सुट्ट्यांची गर्दी मिळणार. प्लॅनेट्सला एरवीच माणसं काही कमी येत नाहीत. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात २५ लाखांहून जास्त लोक येऊन गेले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. या कलाकृती माणसाच्या हालचालीला प्रतिसाद देतात. दालनात पंधरा जण असतील तर तुमच्या पावलाने काय बदललं ते दिसतं. शंभर असतील तर नुसती रंगांची गर्दी दिसते.

आता वेळेबद्दल. बहुतेक जण सकाळची पहिली वेळ घ्या म्हणतात, आणि गर्दीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तरी मला सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधीची वेळ जास्त आवडते. इथल्या शेवाळाच्या बागेतली एक कलाकृती दिवसा एक असते आणि सूर्य मावळल्यावर दुसरीच होते (त्याबद्दल पुढे). दीड-दोन तास आधी आत गेलात की पाण्याची दालनं आरामात बघून बागेत बरोबर संधिप्रकाशात पोहोचता. त्यासाठी त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ आधी बघून ठेवा. टोकियोत जूनअखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण डिसेंबरच्या सुरुवातीला साडेचारलाच अंधार पडायला लागतो. आपल्याकडे वर्षभरात सूर्यास्त एवढा मागेपुढे होत नाही, त्यामुळे हिवाळ्यात येणाऱ्यांची इथे फसगत होते.

ऋतूचाही विचार करा. पाण्यातल्या आणि घुमटातल्या प्रकाशाच्या फुलांचा बहर बाहेरच्या ऋतूबरोबर बदलतो. वसंतात चेरीची फुलं, उन्हाळ्यात सूर्यफुलं. साकुरा बघायला आलात आणि बाहेर पावसाने झोडपून काढलं, तर निदान इथली साकुरा पावसात गळत नाही.

३. तिकीट

तिकीट टीमलॅबच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. ते ठरावीक वेळेचं असतं. त्या वेळेत आत शिरायचं, मग आत किती वेळ थांबायचं यावर बंधन नाही. मात्र एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत.

दर दिवसानुसार आणि वेळेनुसार बदलतात. मोठ्यांचं तिकीट साधारण ४,००० येनच्या आसपास धरून चाला, गर्दीच्या दिवशी जास्त. मुलांसाठी कमी दर आहेत आणि ३ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना सवलत आहे, प्रमाणपत्र जवळ ठेवा.

भारतातून पैसे भरताना दोन अडचणी येतात. एक, कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचे असतात. दुसरी, ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, आणि जपानला पोहोचल्यावर ते सिम बंद असतं किंवा काढून ठेवलेलं असतं. म्हणून निघण्याआधी, घरी बसून तिकीट काढा. आधी तारीख किंवा वेळ बदलण्याचे नियम वाचा, विमान उशिरा आलं तर ते उपयोगी पडतात. तिकिटाचा क्यूआर कोड स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. दाराशी नेट चाललं नाही किंवा तो फोन बंद पडला, तर सगळं कुटुंब एका माणसासाठी अडकतं.

४. कपडे आणि पाय

या लेखातला हा भाग सगळ्यात नीट वाचा. आत गेल्यावर ज्यांची गैरसोय होते, त्यांची ती बहुतेक कपड्यांमुळे होते.

आत सुरुवातीलाच बूट-मोजे काढून लॉकरमध्ये ठेवायचे. पाण्याच्या दालनात मोठ्यांना पाणी गुडघ्याच्या आसपास येतं, म्हणजे कपडे गुडघ्याच्या वर सहज गुंडाळता यायला हवेत. काही दालनांत जमीन आरशाची आहे. या दोन गोष्टी एकत्र धरल्या की काय चालतं आणि काय नाही हे आपोआप कळतं.

साडी नको. पाण्यात निऱ्या भिजतात आणि मग त्या ओल्या साडीत पुढचे दोन तास काढावे लागतात. घोळदार स्कर्ट किंवा फ्रॉक आरशाच्या जमिनीमुळे नको, घालायचाच असेल तर आत शॉर्ट्स घाला. चुडीदार गुडघ्यावर चढत नाही. घट्ट जीन्स घडी घालून वर न्यायला गेलात तर पोटरीतच अडकते. सैल सलवार, पलाझो, सैल ट्रॅक पँट किंवा सरळ गुडघ्यापर्यंतची पँट सगळ्यात सोयीची. आईला पंजाबी ड्रेसची सवय असेल तर सैल सलवारीचाच न्यायला सांगा. आणि ऐन वेळी काहीच जमलं नाही तर तिथे शॉर्ट्स वापरायला देतात, लाजू नका, मागा.

हिवाळ्यात थंडीसाठी आतून घातलेले थर्मल, टाइट्स आणि लेगिंग्ज ही आणखी एक अडचण. ते काढावे लागतात आणि गर्दीत त्याला वेळ जातो. त्या दिवशी थर्मल फक्त वरच्या अंगाचं घाला.

पायात पैंजण किंवा जोडवी असतील तर हॉटेलवरच काढून ठेवा. एका दालनात पाय खोल रुतणारी मऊ जमीन आहे, तिथे ती अडकू शकतात. आणि पाण्यात पडलेलं जोडवं अंधारात सापडणार नाही. पायाला जखम, फोड किंवा भेग असेल तर जलरोधक पट्टी लावून जा. मधुमेह असलेल्यांनी हे गांभीर्याने घ्या. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर अनवाणी चालण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

लहान मुलांसाठी कपड्यांचा पूर्ण जोड बरोबर हवाच. आपल्या गुडघ्याएवढं पाणी तीन वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या वर जातं, आणि तो त्यात बसणारच.

५. पोहोचायचं कसं

सगळ्यात जवळचं स्टेशन युरिकामोमे लाइनवरचं शिन-तोयोसू. स्टेशनमधून बाहेर पडलात की मिनिटभरात दार. नुसतं तोयोसू हे वेगळं स्टेशन आहे. तिथे मेट्रोची युराकुचो लाइन येते, तिथून दहा मिनिटं चालायचं किंवा युरिकामोमेने एक स्टेशन पुढे जायचं. आईवडील बरोबर असतील तर ते एक स्टेशन गाडीनेच जा.

गिंझा किंवा युराकुचोच्या बाजूने येताना युराकुचो लाइन सोपी आणि जलद आहे. शिंबाशीहून युरिकामोमे पकडली तर ती रेनबो ब्रिजवरून ओदाइबाला वळसा घालून येते, अर्धा तास जातो. तो प्रवास सुंदर आहे, पण वेळेचं तिकीट हातात असताना जायच्या वेळी नको. तो परतीसाठी ठेवा.

निशी-कासाईत ओळखीच्यांकडे उतरला असाल, आणि आपल्याकडचे बरेच जण तिथेच उतरतात, तर तोझाई लाइनने मोनझेन-नाकाचो, तिथून ओएदो लाइनने एक स्टेशन त्सुकिशिमा, तिथून युराकुचो लाइनने एक स्टेशन तोयोसू. कागदावर दोन गाड्या बदलायच्या दिसतात, प्रत्यक्षात सोपं आहे.

वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा. फार लवकर जाऊन उपयोग नाही, तुमच्या वेळेआधी आत घेत नाहीत. मेट्रो, युरिकामोमे आणि बस सगळीकडे सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड चालतं.

६. आत शिरताना

तिकीट दाखवलं की थोडक्यात सूचना देतात, मग लॉकर. लॉकरचे पैसे पडत नाहीत. मोठ्या सुटकेसा घेऊन थेट विमानतळावरून येऊ नका, त्या हॉटेलवर किंवा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवून या. बाबागाडी आत नेता येत नाही, ती बाहेर ठेवावी लागते. म्हणून चालता न येणाऱ्या बाळासाठी पोटाशी बांधायची झोळी आणा.

शौचालयात जाऊन या. आत गेल्यावर पाण्यात, अंधारात मुलाला शू लागली की उलट फिरून बाहेर येणं कठीण असतं.

फोन हातात ठेवायला हरकत नाही, फोटोही काढता येतात. ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाही. गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी शंभर येनच्या दुकानात मिळते, ती आधीच घ्या. टीमलॅबचं ॲपही हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, दोन ठिकाणी ते लागतं.

पाण्याचा भाग, बाग आणि जंगल असे वेगवेगळे भाग आहेत. संध्याकाळ बागेत गाठायची असेल तर कोणता भाग आधी घ्यावा हे दाराशीच विचारा. कर्मचाऱ्यांना कामापुरतं इंग्रजी येतं आणि ते मनापासून सांगतात.

७. पाण्याची दालनं

सुरुवात अंधाऱ्या चढणीवर होते. पायाखालून पाणी वाहत असतं आणि वर टोकाला प्रकाशाचा धबधबा. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळे डोळ्यांना पहिला अर्धा मिनिट काही दिसत नाही. तिथे थांबा. मागचे लोक पुढे जाऊ देत. चढण संपली की पाय पुसायला टॉवेल ठेवलेले असतात.

पुढे मऊ जमिनीचं दालन येतं. गाद्यांच्या ढिगाऱ्यावर चालावं तसा पाय खोल जातो. शेजारून कोणी गेलं की त्यांच्या वजनाने तुमच्या पायाखालची जमीनही हलते. मुलं इथे रमतात. ज्यांचा तोल जातो त्यांनी कडेने, कोणाचा तरी हात धरून जावं, किंवा कर्मचाऱ्यांना दुसरी वाट विचारावी.

मग अनंत स्फटिकांचं विश्व. छतापासून लटकणाऱ्या दिव्यांच्या माळांमधून वाट जाते आणि आरशांमुळे त्यांना शेवट राहत नाही. ॲप इथे पहिल्यांदा लागतं. फोनवरून एखादा आकार निवडून सोडला की तो त्या दिव्यांमध्ये उमटतो. आपण सोडलेला कोणता आणि शेजाऱ्याने सोडलेला कोणता हे ओळखायचा प्रयत्न करा. ते ओळखता येईपर्यंत थांबलात तरच हे दालन कळतं. फोटो काढून पुढे गेलात तर ती नुसती रोषणाई.

आणि कोई, म्हणजे तळ्यांमध्ये पाळतात ते जपानी रंगीत मासे. याच दालनासाठी मी पाहुण्यांना इथपर्यंत आणते. दुधाळ पाण्याचं मोठं तळं, त्यात गुडघ्यापर्यंत उभं राहायचं आणि पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाशाचे मासे पोहत येतात. तुमच्या पायाशी आले की वळतात, धडकले की फुलं होऊन विखुरतात. हे आधी बनवून ठेवलेलं चित्रीकरण नाही. संगणक ते दृश्य त्या क्षणी रेखाटत असतो, कोण कुठे उभं आहे हे बघून. त्यामुळे आत्ता पायाशी झालेली फुलं परत तशीच कधीच होणार नाहीत. इथे सगळे एकच चूक करतात, आत शिरल्यापासून चालत राहतात. थांबा. दोन मिनिटं एका जागी उभे राहा, पाय अजिबात हलवू नका. मासे तुम्हाला वळसा घालून जायला लागतात आणि त्यांच्या मागे प्रकाशाच्या रेषा उमटत जातात. मग हळूच एक पाऊल टाका आणि काय बदलतं ते बघा. पाण्याचं भय वाटणाऱ्यांना सांगून ठेवा, पाणी बर्फगार नसतं आणि तळ सपाट आहे.

पुढच्या दालनात मोठमोठे गोल फुगे आहेत. एकाला हात लावला की त्याचा रंग बदलतो आणि तो रंग शेजारच्या फुग्यांमध्ये पसरत जातो. इथे लहान मुलांचा हात सोडू नका, मोठ्या फुग्यांमागे ती दिसेनाशी होतात.

शेवटी फुलांचा घुमट. आडवं होऊन वर बघायचं. वर्षभरातली फुलं उमलतात, गळतात आणि थोड्या वेळाने आपणच तरंगतोय असं वाटायला लागतं. ज्यांना चक्कर येते त्यांनी डोळे मिटून आधी जमिनीला हात टेकावा, बरं वाटतं. घाई नसेल तर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. आईवडिलांना विश्रांतीही इथेच मिळते.

८. बाग

तरंगत्या फुलांच्या बागेत १३,००० हून जास्त ऑर्किड आहेत, खरी, जिवंत. छतापासून खाली लटकलेली. तुम्ही जवळ गेलात की वर उचलली जातात आणि तुमच्याभोवती मोकळी जागा तयार होते. दूर गेलात की पुन्हा खाली येतात. दुसरं कोणी तुमच्याजवळ आलं की त्यांची मोकळी जागा आणि तुमची मोकळी जागा एक होते. बहुतेक ऑर्किडना वाढायला माती लागत नाही, ती हवेतला ओलावा घेऊन जगतात, म्हणूनच असं टांगून ठेवणं शक्य झालं. वास दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. तीव्र वासाने ज्यांचं डोकं दुखतं किंवा ज्यांना परागकणांचा त्रास होतो त्यांनी हे दालन पटकन आटोपावं. फुलांना हात लावू नका, मुलांना आधीच समजावून ठेवा.

दुसरी शेवाळाची बाग, त्यात माणसाएवढे अंड्याच्या आकाराचे गोळे. दिवसा ते चकचकीत असतात, आजूबाजूचं सगळं त्यांच्यात दिसतं. सूर्य मावळला की आतून उजळतात. एकाला हलकेच ढकललं तर तो डुलतो, त्यातून सूर निघतो आणि शेजारचे गोळे त्याला प्रतिसाद देत उजळत जातात. या गोळ्यांच्या प्रकाशासाठी टीमलॅबने ६१ रंग ठरवले आहेत. मी वेळेचा एवढा आग्रह धरते तो यासाठी. गोळे चकचकीत असताना आत या, उजळताना बघा, उजळल्यावर बाहेर पडा. भर दुपारी आलात तर पहिलंच मिळतं, रात्री नऊला आलात तर शेवटचंच. ही बाग मोकळ्या हवेतली आहे, हिवाळ्यात जॅकेट बरोबर ठेवा.

९. जंगल, मुलांबरोबर असाल तर

जानेवारी २०२५ मध्ये प्लॅनेट्स वाढवलं आणि जंगलाचा हा भाग जोडला गेला. टांगत्या दांड्यांवरून तोल सांभाळत जायचं, उड्या मारायच्या, घसरगुंडीवरून यायचं, आणि हे सगळं प्रकाशाच्या कलाकृतींमध्ये. एका ठिकाणी ॲपमधून प्राणी पकडायचे, त्यांच्याबद्दल वाचायचं आणि पुन्हा सोडून द्यायचे. एका ठिकाणी मुलं कागदावर प्राणी रंगवतात आणि तेच चित्र भिंतीवर जिवंत होऊन फिरायला लागतं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना पाण्यापेक्षा हाच भाग जास्त आवडतो. त्यासाठी वेगळा किमान दीड तास ठेवा, नाहीतर रडारड होते. उंची आणि वयाच्या अटी असतात, त्या दालनाच्या दाराशी लिहिलेल्या असतात. आईवडिलांना मात्र इथे फारसं काही करता येत नाही. त्यांना बागेत थांबवून एकाने मुलांबरोबर जावं.

१०. कोणी जपून जायचं

अपस्माराचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, काही ठिकाणी प्रकाश झपाट्याने बदलतो. गर्भवतींनी मऊ जमीन आणि जंगल टाळावं. चाकाची खुर्ची सगळ्या दालनांत नेता येत नाही, पण कर्मचारी वेगळ्या वाटेने नेतात, येताच सांगा. अंधाराची किंवा बंद जागेची भीती असेल तर सुरुवातीची चढण सगळ्यात कठीण वाटेल. ती पार झाली की पुढे मोकळं आहे.

साठीपुढच्या, नीट चालणाऱ्या माणसाला नेऊ नका असं मी कधीच सांगणार नाही. फक्त त्या दिवशी सकाळी दुसरं काही ठेवू नका. सकाळी असाकुसा, दुपारी तोयोसूचा बाजार आणि संध्याकाळी प्लॅनेट्स हा बेत तरुणांसाठीसुद्धा जास्त होतो. सगळं मिळून तीन तास अनवाणी, उभ्याने जातात.

११. बरोबर काय न्यायचं

- तिकिटाचा क्यूआर कोड, दोन फोनवर
- पासपोर्ट (दाराशी विचारत नाहीत, पण जपानमध्ये परदेशी पाहुण्यांनी तो कायम जवळ ठेवायचा असा नियम आहे)
- सवलत घ्यायची असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र
- पूर्ण चार्ज केलेला फोन, ॲप उतरवलेलं, गळ्यात अडकवायची पिशवी
- मुलांसाठी कपड्यांचा जोड, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी
- जलरोधक पट्टी
- हिवाळ्यात कोरड्या मोज्यांचा जास्तीचा जोड
- रोजची औषधं. ती लॉकरमध्ये ठेवू नका, खिशात ठेवा

१२. खाणं आणि परत जाणं

आत खाता येत नाही, म्हणून जायच्या आधी खाऊन घ्या, विशेषतः मुलांना खायला घालून. बाहेर पडल्यावर आवारातच पूर्ण वनस्पतिजन्य रामेन (रश्शातल्या नूडल्स) मिळतं. शाकाहारींसाठी टोकियोत ही मोठी सोय आहे, कारण इथे साध्या भाजीच्या सुपातही मासळीचा अर्क असतो. रस्सा त्यांच्या पद्धतीचा आहे, आपल्यासारखा तिखट नाही, आईबाबांसाठी घरचं लोणचं बरोबर असेल तर बरं. मोठ्या घोळक्याला तिथे एकत्र बसायला जागा मिळायला वेळ लागतो. मग तोयोसू स्टेशनजवळच्या दुकानांच्या संकुलात जा, निवड बरीच आहे. तोयोसूचा मासळी बाजार जोडून बघायचा असेल तर तो सकाळचा कार्यक्रम आहे, आणि रविवारी व बऱ्याच बुधवारी तो बंद असतो.

परत जाताना शिन-तोयोसूहून युरिकामोमेने शिंबाशीकडे निघा. गाडीला चालक नसतो, त्यामुळे अगदी पुढच्या डब्यात पहिल्या बाकावर बसता येतं. गाडी तोयोसूहून सुटते आणि शिन-तोयोसू हे पुढचंच स्टेशन, म्हणून पहिला बाक सहसा आधीच भरलेला असतो. तो हवाच असेल तर दहा मिनिटं चालत तोयोसूला जा आणि तिथून बसा. पाय दुखत असतील तर हट्ट करू नका, रेनबो ब्रिज बाजूच्या खिडकीतूनही दिसतो.